भंगाराचा दाखला कोणी द्यावा?

धार शहराच्या पश्चिमेस काही कोसांवर अमझेरा नावाचे गाव आहे. आमच्या बहुतेक वाचकांनी ते पाहिले नसेल. परंतु मराठ्यांच्या इतिहासाशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना हे नाव अनोळखी वाटू नये. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी याच परिसरात चिमाजी अप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादुर आणि त्याचा आप्त दया बहादुर यांचा पाडाव केला आणि नर्मदेपलीकडे मराठी राजकारणास वाट मोकळी झाली. पुढे १७३९ साली वसई जिंकून पश्चिम किनाऱ्याचा इतिहास बदलणारे ते हेच चिमाजी अप्पा. धार व देवास येथे पवारांच्या गाद्या नांदल्या, दुसरे बाजीराव धारच्या किल्ल्यात जन्मले आणि माळव्याच्या त्या काळ्या मातीत मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. अमझेऱ्याचे राव बख्तावरसिंह यांनी १८५७ च्या उठावात उडी घेतली आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला ते फासावर गेले. एवढ्याशा गावाने इतिहासाला एवढे द्यावे, हे थोडे नव्हे.

गावाची आणखी एक श्रद्धा आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते येथील अमका-झमका देवीच्या मंदिरातून, असे अमझेऱ्याचे लोक निष्ठेने सांगतात. विदर्भातील कौंडिण्यपूरही हाच मान सांगते आणि तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. या वादात निवाडा देण्याचा अधिकार आमचा नाही. देवांच्या सासुरवाडीचे वाद देवांनीच मिटवावेत. आम्हांस त्या कथेत मोह वाटतो तो रथाचा. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक हे चार अश्व आणि दारुक हा सारथी, अशी नावानिशी नोंद आपल्या पुराणकारांनी ठेवली. कथानायकाबरोबर त्याच्या वाहनाचीही आठवण ठेवावी, हा संस्कार आपल्याकडे फार जुना आहे. आजच्या लेखाचा विषय त्या संस्काराशी आपण कसे वागतो आहोत, हाच आहे.

गेल्या हिवाळ्यात धारमधील एका मराठी स्नेह्यांच्या घरच्या कार्यास जाणे झाले आणि त्या निमित्ताने अमझेराही पाहून घेतले. गावाबाहेर एका वडाखाली लांब नाकाचा एक जुना टाटा ट्रक उभा होता. त्याच्या माथ्यावर मर्सिडीजचा तारा नव्हता, ‘टी’ हे अक्षर होते. म्हणजे तो १९६९ नंतरचा, हे ओळखण्यास कागदपत्रांची गरज नव्हती. रंग उडालेला, परंतु चेसिस सरळ, पाटे शाबूत, पत्र्याला गंज जवळजवळ नाही. शेजारच्या टपरीवजा गॅरेजातील वृद्ध मिस्त्रींनी बोनेट उघडून दाखविले. इंजिन अजून पहिल्या प्रयत्नात सुरू होते, असे ते अभिमानाने म्हणाले आणि तसे ते झालेही. मग मात्र त्यांचा स्वर उतरला. गाडी चालते, पण पासिंग होत नाही. दुरुस्ती परवडते, पण कागद परवडत नाहीत. तेव्हा येत्या काही महिन्यांत ती भंगारात जाणार, असे त्यांनी सांगितले. ज्याने आयुष्यभर त्या यंत्राची नाडी पाहिली त्याच्या मताला येथे किंमत नव्हती. किंमत होती ती फक्त नोंदणीच्या तारखेला.

हा प्रसंग आम्हांस विशेष बोचला, याचे कारण त्याच धार जिल्ह्यात, अमझेऱ्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर, पीथमपूर आहे. १९८० च्या दशकात या ओसाड माळावर मोटार-उद्योगाची वसाहत उभी राहिली. फिरोदिया कुटुंबाची बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा ही दोन्ही नावे पुण्याहून येथे आली. मित्सुबिशीच्या सहकार्याने आयशरचे ट्रक १९८६ साली येथेच बाहेर पडू लागले. हिंदुस्थान मोटर्सने इसुझूच्या तंत्रावर येथे इंजिने बांधली. आणि २९ जून २०२१ रोजी याच पीथमपुरात वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्‌घाटन झाले. सुमारे एक हजार एकरांवर पसरलेल्या केंद्रातील ही धावपट्टी अशा प्रकारच्या पट्ट्यांत आशियातील सर्वांत लांब आहे. नवे वाहन किती वेगाने धावते, किती अंतरात थांबते, किती धूर सोडते, हे तोलण्याची उत्तम साधने ज्या जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात जुने वाहन मात्र केवळ तारीख पाहून निकालात निघावे, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

आम्ही प्रथमच एक कबुली देऊन टाकतो. जुन्या वाहनांविषयी आमच्या मनात पक्षपात आहे. परंतु पक्षपात असणे आणि आंधळे असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. म्हणून मालट्रक, जीपगाड्या आणि हौशी वेगवान मोटारी या तिन्हींचा हिशेब आम्ही वेगवेगळा मांडू इच्छितो.

ट्रकपासून आरंभ करू. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघाले. मद्रासजवळच्या एन्नोरहून लेलँडचा कॉमेट आला. १९५४ साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास ट्रक बांधावयास घेतला आणि पंधरा वर्षांनी तो करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी स्वतःचे अक्षर लावले. आमचे मत विचाराल तर लेलँड हा दमाचा गडी होता आणि डॉज देखणा होता. परंतु देशाचा खरा संसार ओढला तो टाटाच्या १२१० ने. त्याचे कारण ताकद नव्हे, साधेपणा. त्याच्या यंत्रात लपविण्यासारखे काही नव्हते. अमझेऱ्याच्या वडाखाली, आंबोलीच्या वळणावर किंवा डिचोलीच्या बाजारात, चार पाने आणि एक हातोडा असलेला मिस्त्री त्याला पुन्हा उभा करू शकत असे. कंपनी पुष्कळदा केवळ चेसिस देई. वरची बॉडी स्थानिक सुतार बांधीत आणि रंगारी तिच्यावर कमळे व मोर काढीत. एका ट्रकवर अर्ध्या गावाची कला आणि पोट चालत असे. पुढे १९८० च्या दशकात चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक आले, त्यांना उत्तर म्हणून १९८६ साली टाटांनी ४०७ काढला. नव्याचे आव्हान पेलून आपले घडविण्याचे ते आमच्या मते या देशातील उत्तम उदाहरण होय. चौघांपैकी आयशरने पीथमपुरात मूळ धरले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जीपगाड्यांची कथा याहून रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी विलीजची जीप मुंबईत जोडावयास घेतली. मामलेदार, डॉक्टर, बांधकाम खाते, निवडणुकीचा उमेदवार आणि लग्नाची वरात यांपैकी कोणाचेही तिच्यावाचून चालेना. उंच बोनेटची ती जीप सुखद मुळीच नव्हती. तीत बसून वीस मैल गेलेल्या मनुष्याची कंबर दोन दिवस त्याला आठवण करून देई. तरीही डोंगरवाटेवर तिच्याइतका विश्वासू सोबती दुसरा नव्हता. जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत जर्मन मॅनचा शक्तिमान ट्रक आणि निस्सानची जोंगा तयार होई. जोंगा ही आमच्या मते सर्वांत रुबाबदार, आणि पेट्रोल पिण्यात सर्वांत निर्लज्जही. १९९१ मध्ये टाटांची सिएरा आली, ती काळाच्या थोडी पुढे होती. १९९४ मध्ये सुमो आली, ती मात्र काळाच्या नेमक्या पावलावर आली. सुमंत मुळगावकर या थोर अभियंत्याच्या नाव-आडनावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले गेले. ज्यांचे आडनावच या किनाऱ्याची ओळख सांगते, अशा मनुष्याचे स्मारक पुतळ्यात न होता चाकांवर झाले, याचे आम्हांस नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. पीथमपूरला बनणारी ट्रॅक्स ही या सर्वांत दिसावयास सामान्य. परंतु धार-झाबुआच्या आदिवासी पाड्यांना हाट आणि इस्पितळ यांच्याशी जोडले ते तिनेच.

उरल्या हौशी वेगवान मोटारी. या बाबतीत आपल्या देशाचे दालन दरिद्री आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या दरिद्री दालनातील एक वस्तू चक्क गोव्यात तयार झाली, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? १९९८ साली सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार बाजारात आली. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनॉचे, अवघ्या साठ अश्वशक्तीचे. वेगाची गुर्मी मिरविण्याइतके बळ तिच्यात नव्हते आणि तसा तिचा दावाही नसावा. परंतु तिचे अंग फायबरचे होते, म्हणजे आमच्या खाऱ्या हवेस पुरून उरणारे. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून संध्याकाळी सावकाश जाण्यासाठी याहून योग्य मोटार कोणी योजली नसती. ती फार खपली नाही. जे फार खपत नाही ते फार लवकर विसरले जाते. आज तिचा एखादा नमुना सरकारी संग्रहालयात सांभाळावा, असा विचारही कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

आता दुसरी बाजू. जुन्या वाहनांचे गोडवे गाणाऱ्याने एकदा मे महिन्यात जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून खानदेशातून जावे. इंजिनाची धग मांडीला, धूर नाकात आणि आवाज डोक्यात घेऊन चालकांच्या पिढ्या झिजल्या. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले. हा निर्णय काही दशके आधी व्हावयास हवा होता. जुन्या जीपला पट्टा नाही, अपघातात चालकाला वाचविणारी रचना नाही आणि ब्रेक हे बरेचदा देवावर हवाला ठेवून दाबावयाचे असतात. होळीपूर्वीच्या भगोरिया हाटांच्या दिवसांत धार-झाबुआच्या रस्त्यांवर टपावर आणि मागच्या फळीवर लटकणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रश्नात काव्य दिसणार नाही. धुराचेही तेच. देशभर भारत स्टेज-४ हे मानक एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात पन्नास भागांवरून दहावर आले. या मानकांच्या आधीचा ट्रक कितीही प्रेमाने सांभाळला तरी तो नव्याइतका स्वच्छ होणार नाही. ज्या मुलाला दमा आहे त्याच्या आईला आम्ही १२१० च्या साधेपणाचे पुराण सांगू शकत नाही, आणि सांगू नये.

म्हणून आमचे म्हणणे जुने ते सोने असे मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वाहनाचा न्याय त्याच्या स्थितीवरून व्हावा, त्याच्या जन्मपत्रिकेवरून नव्हे.

गंमत अशी की, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या भंगार धोरणाचे तत्त्वही कागदोपत्री बरेचसे हेच आहे. खाजगी वाहन चाचणीत उतरले तर ते चालू शकते. पंधरा वर्षांनी नोंदणी थेट रद्द होण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी वाहनांना. परंतु जे तत्त्वाने दिले ते शुल्काने काढून घेतले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि ट्रक-बसच्या योग्यता-दाखल्याचे दीड हजारावरून साडेबारा हजारांवर. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील वाहनांसाठी शुल्क पुन्हा वाढविण्यात आले. ज्याच्याकडे चार मोटारी आहेत त्याला हे शुल्क जाणवणार नाही. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे आणि तोही वाळू-विटांच्या खेपांवर चालतो, त्याच्यासाठी हे शुल्क म्हणजे चाचणीपूर्वीच लावलेला निकाल होय. अमझेऱ्याच्या मिस्त्रींनी सांगितलेल्या दुःखाचा अर्थ हाच होता.

दिल्लीचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर बंदी आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधनच द्यावयाचे नाही असे ठरले, पण काही दिवसांतच सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. या साऱ्या वळणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. धूर मोजावयाचा असेल तर मानक पाहा, यंत्र पाहा, नळकांडे पाहा. पंचांग पाहून धूर मोजता येत नाही.

आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना तर हे कोणी शिकवावयास नको. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन जीप घ्या. एक अमझेऱ्यास पाठवा आणि दुसरी वास्कोला किंवा मालवणला ठेवा. वीस वर्षांनी पहिलीच्या पत्र्यावर धूळ असेल, दुसरीच्या पत्र्यातून रस्ता दिसेल. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस चेसिसला आतून खातो; वरून रंग चकचकीत असला तरी खालचा सांगाडा पोकळ झालेला असतो. उलट माळव्याच्या कोरड्या हवेत लोखंड सावकाश म्हातारे होते. कायद्याच्या लेखी मात्र दोघींचे वय सारखेच. म्हणजे वयाचा नियम एकीकडे धडधाकट गाडीला मारतो आणि दुसरीकडे, तारीख उलटेपर्यंत, सडलेल्या गाडीला खुशाल रस्त्यावर राहू देतो. हा नियम कठोर आहे ही आमची तक्रार नाही. तो एका अर्थी पुरेसा कठोर नाही, ही आमची तक्रार आहे! दहा वर्षांची पण तळ कुजलेली बस आमच्या शाळकरी मुलांना नेत असेल, तर तिला पंधराव्या वर्षापर्यंत अभय कशासाठी?

आणि मग आपल्या खनिज-ट्रकांचा प्रश्न येतो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचा व्यवसाय थांबला. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत तो पुन्हा सुरू करण्यास अनुमती दिली. फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने मार्चमध्ये तो पुन्हा बंद पडला. या बंद्यांच्या गुणदोषांची चर्चा आम्ही वेळोवेळी केलेली आहे. नद्यांचे आणि शेतांचे जे नुकसान झाले ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्या वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील अंगणांत जे ट्रक उभे राहिले, त्यांचा हिशेब कोणी केला काय? कर्ज काढून घेतलेला ट्रक एक खेप न करता उभा होता, त्याच्यावर पाऊस पडत होता, टायरांना भेगा जात होत्या आणि नोंदणीच्या पुस्तकात त्याचे वय मात्र दिवसेंदिवस वाढत होते. चाललेल्या आणि न चाललेल्या वर्षांत नियम भेद करीत नाही. ज्याने शासनाच्या आणि न्यायालयाच्या आदेशाचा मान राखून गाडी उभी ठेवली, त्याच्या गाडीला तेवढ्यासाठीच म्हातारी ठरवावयाचे, हा न्याय नव्हे.

सर्वांत मोठी विसंगती यापुढेच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ऐतिहासिक वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरील वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार. प्रदर्शने, शर्यतवजा सहली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरते ते रस्त्यावर येऊ शकते. नियम स्वागतार्ह आहे. परंतु तो दुचाकी आणि प्रवासी मोटारी यांच्यापुरताच आहे. ट्रकाला त्यात जागा नाही. म्हणजे संस्थानिकाची मोटार हा राष्ट्राचा वारसा आणि ज्याने त्याच संस्थानात धान्य, चुना आणि कापूस वाहिला तो ट्रक मात्र भंगार! शिवाय वारसा ठरावयास पन्नास वर्षे जगले पाहिजे, आणि पंधरा-वीस वर्षांनंतर जगणे महाग करून ठेवावयाचे. मधली तीस वर्षे ते वाहन कोणाच्या दयेवर काढणार? श्रीमंताच्या गॅरेजात ती निघतील, गरिबाच्या अंगणात निघणार नाहीत. पन्नास वर्षांनंतरच्या पिढीला आपण कोणता इतिहास दाखविणार आहोत, हे त्यावरून उघड आहे.

इतर देशांनी याहून शहाणपणाची वाट काढलेली आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ऐतिहासिक वाहनाची मर्यादा तीस वर्षे धरली आहे. जर्मनीने १९९७ पासून तीस वर्षांवरील, मूळ रूपात जतन केलेल्या वाहनांना वेगळे नोंदणीचिन्ह दिले, आणि त्यात ट्रकही येतो. तेथेही ते वाहन तपासणीतून सुटत नाही. जतनाची सवलत आणि तपासणीची शिस्त या दोन्ही गोष्टी एकाच नियमात नांदू शकतात, हे ज्या देशाने आपल्याला ट्रक बांधावयास शिकविले त्याच देशाने दाखवून दिले आहे.

लोकभावनेचा पुरावा हवा असेल तर तो मुंबईत मिळाला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. त्याआधी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेस्टची डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस गेली. त्या दिवसांत सामान्य माणसांनी या वाहनांना घातलेले हार आणि काढलेली छायाचित्रे सर्वांनी पाहिली. कोणी त्या टॅक्सी कायम चालवाव्यात असे म्हणत नव्हते. त्यांना रीतसर निरोप द्यावा, एखादी सांभाळून ठेवावी, एवढेच म्हणणे होते. आणि कारखानदारांना ही भावना शासनापेक्षा अधिक चांगली कळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी सिएरा हे जुने नाव नव्या गाडीवर पुन्हा आणले. आठवण विकावयास चालते. मग जिच्यामुळे ती आठवण निर्माण झाली तिला जगण्याचा परवाना देताना हात का आखडतो?

आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. पहिली : तपासणी यंत्राने, कडक आणि वयाची पर्वा न करता व्हावी, तीत नापास होणारे पाच वर्षांचे वाहनही रस्त्यावरून उतरवावे आणि उत्तीर्ण होणाऱ्या पंचवीस वर्षांच्या वाहनाला नाडणारे शुल्क लावू नये. किनारी राज्यांत चेसिसच्या गंजाची तपासणी हा स्वतंत्र भाग असावा. दुसरी : रोजची खेप करणारा अतिजुना ट्रक बदलणे हेच हिताचे आहे, हे आम्ही मान्य करतो, पण ते एका ट्रकाच्या मालकास शक्य व्हावे म्हणून कमी व्याजाचे कर्ज आणि भंगाराची वाजवी किंमत त्याच्या हाती आधी पडावी, आणि खाणबंदीत उभ्या राहिलेल्या गाड्यांची वर्षे हिशेबातून वगळावीत. तिसरी : ऐतिहासिक वाहनाची मर्यादा तीस वर्षांवर आणावी आणि तीत ट्रक, बस व जीप यांचा समावेश व्हावा. चौथी : पीथमपुरात, जेथे उद्याची वाहने तोलली जातात, तेथेच कालच्या वाहनांचे एक राष्ट्रीय दालन असावे. त्यात १२१० असावा, शक्तिमान आणि जोंगा असावी, मॅटाडोर व ट्रॅक्स असावी. गोवा सरकारनेही आपल्या वाट्याची एक खनिज वाहणारी गाडी आणि एक सॅन स्टॉर्म शोधून जतन करावी. आणि त्या दालनात अमझेऱ्याच्या त्या मिस्त्रींसारख्या कारागिरांना शिक्षक म्हणून बोलवावे. कारण यंत्र गेले तर त्याचा आराखडा कोठेतरी मिळेल. परंतु आवाज ऐकून दोष ओळखणारा कान गेला की तो कोणत्याही कारखान्यातून परत मागविता येत नाही.

दसऱ्याला आपण किनाऱ्यावरचे लोक गाडी धुतो, तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि कुंकू लावून नमस्कार करतो. ती नवी आहे की जुनी, हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही. जिने वर्षभर आपला भार वाहिला तिची ती कृतज्ञता असते. रुक्मिणीच्या कथेतील चार घोड्यांची नावे हजारो वर्षे टिकली ती अशाच कृतज्ञतेने. आपल्या काळाच्या रथांविषयी तेवढे तरी व्हावे. निवृत्त व्हावयाचे त्यांनी निवृत्त व्हावे, पण तपासून आणि सन्मानाने. भंगाराचा दाखला यंत्र पारखणाऱ्याने द्यावा. तो देण्याचा अधिकार भिंतीवरच्या दिनदर्शिकेला नाही.